आडनाव कंपनीचं, पत्ता आमचा

मी एक जुना ई-मेल पत्ता आहे.

मित्रांनो, 'जुना' हा शब्द ऐकून लगेच चेहरे पाडू नका. फुटकी बादली, तुटकी छत्री, अडगळीतली खुर्ची अशी मंडळी तुम्हाला आपली कहाणी सांगतात, शेवटी एक उसासा सोडतात, आणि तुम्ही त्यांच्यावर दोन पानं लिहून दहापैकी आठ गुण मिळवता. माझ्याकडून उसाशाची अपेक्षा ठेवू नका. मला संपवायला एक अख्खी कंपनी निघाली होती. तारीखसुद्धा ठरली होती. ती तारीख उलटून गेली आणि मी अजून आहे. हे सांगताना माझी छाती फुगते. मला छाती नाही, हा भाग वेगळा.

आधी माझी बांधणी सांगतो. सुरुवातीला 'मशीनवाली' हा शब्द, इंग्रजी अक्षरांत. त्याला चिकटून बारा हा आकडा, कारण नुसतं 'मशीनवाली' आधीच कुणीतरी घेतलं होतं. जगात कुठेतरी आणखी एक मशीनवाली आहे, तिचं भलं होवो. मग तो शेपूट गुंडाळून बसलेला ॲट. आणि त्याच्या पुढे, घरात इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं नाव. म्हणजे नाव घरचं आणि आडनाव कंपनीचं. माझ्या आयुष्यातली सगळी भानगड या आडनावाने केली.

तुम्ही विचाराल, पत्त्याला घर कसं दिसतं? अहो, मी त्या घरात जिथे तिथे आहे. कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहे, दारावरच्या पाटीवर आहे, आणि कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात तर शेकड्यांनी आहे. डब्याचं पुढे सांगेनच.

माझा जन्म अठरा वर्षांपूर्वी एका मोठ्या टेबलावर झाला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर एका शिलाई मशीनचे सगळे भाग ओळीने मांडलेले होते. घरातल्या बाई शिलाई मशीन दुरुस्त करतात. हाताने चालवायची, पायाने चालवायची, विजेवरची, कुठलीही. त्यांचे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्या दिवशी घरात पहिल्यांदा इंटरनेट येत होतं आणि कंपनीचा माणूस अर्ज घेऊन समोर बसला होता.

"ई-मेलला नाव काय द्यायचं?" त्याने विचारलं.

बाईंनी आपलं नाव सांगितलं. पाटीवाल्यांनी मान हलवली.

"या नावाने तुला कोण ओळखतं? मी आणि बँक. बाकी सगळी दुनिया मशीनवाली म्हणते. तेच लिहा हो."

असा मी झालो. अर्ज पाटीवाल्यांनी आपल्या पाटीवरच्या अक्षरात भरला, आणि ग्राहक म्हणून त्यांचंच नाव पडलं. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. पेन त्यांच्या हातात होतं, एवढंच. शेवटी एक गुप्त प्रश्न निवडायचा होता, म्हणजे पुढे कधी ओळख पटवायची वेळ आली तर उपयोगी पडेल असा. त्यांनी 'तुमचं पहिलं वाहन कोणतं?' हा निवडला, उत्तर लिहिलं आणि हसत बाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, "शहाणेच आहात!" ते उत्तर काय होतं हे मी तुम्हाला सांगणार नाही. गुप्त उत्तर ते गुप्तच. तुम्हीही आपलं कुणाला सांगत जाऊ नका.

आता बाईंची काम करण्याची पद्धत ऐका. किरकोळ दुरुस्ती असेल तर त्या करून देतात आणि विसरतात. पण जे मशीन त्यांनी स्क्रूनस्क्रू उघडून, धुऊन, पुसून पुन्हा बसवलं, ते त्यांचं झालं. अशा मशीनच्या लाकडी बैठकीत, आतल्या बाजूला, त्या एक पितळी पट्टी बसवतात. दोन बारीक स्क्रू. पट्टीवर फक्त मी. पाटीवाले पोलादी ठशांनी एकेक अक्षर हातोडीने ठोकून ती पट्टी तयार करायचे. रंगाने लिहिलं तर तेलाने जाईल, म्हणून ठोकायचं.

एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, पट्टी बाहेरून लावा की! चार लोकांना दिसेल."

"बाहेर लावली की ती जाहिरात झाली," बाई म्हणाल्या. "आत लावली की जबाबदारी. मशीन बिघडलं की माणूस ते मागे कलंडवतोच. तेव्हा मी दिसले पाहिजे."

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं अशी गेली. मशीन विकली गेली, भेट दिली गेली, बदलीबरोबर परगावी गेली, लिलावात गेली. माणसं बदलली, पट्टी तिथेच राहिली. मग कुणीतरी कधीतरी मशीन कलंडवायचं आणि माझ्याकडे पत्र यायचं. टाका सुटतोय. धागा तुटतोय. चाक फिरतं पण सुई हलत नाही. सोबत फोटो, त्यात निम्मा अंगठा. बाई उत्तरं छोटी लिहायच्या. 'सुई उलटी लावली आहे. चपटी बाजू आत घ्या.' किंवा 'तेल कुठलं घातलंत? खाण्याचं असेल तर आधी ते पुसून काढा आणि मग माझ्याशी बोला.' उलट टपाली 'चाललं! चाललं!' असं पत्र आलं की बाई खुर्चीतल्या खुर्चीत ताठ व्हायच्या. एका म्हाताऱ्या शिंप्याने लिहिलं होतं की, माझं मशीन आणि मी दोघंही कुरकुरत होतो, तुम्ही एकाला तरी गप्प केलंत. ते पत्र बाईंनी छापून भिंतीवर लावलं. ते अजून तिथे आहे.

नऊ वर्षांपूर्वी पाटीवाले आजारी पडले. शिडीवर चढणं बंद झालं. ते टेबलाशी बसून पट्ट्या ठोकायला लागले. दोन महिने, रोज दुपारी, ठक ठक ठक. बाई म्हणायच्या, "पुरे झाल्या आता. एवढी मशीन आणू कुठून?" ते म्हणायचे, "माझ्यामागे पट्ट्यांसाठी तुला कुणाची मनधरणी करायला लागू नये." सहाशे पट्ट्या झाल्या. बिस्किटांचा मोठा डबा भरला. शेवटच्या पट्टीवरची अक्षरं थोडी तिरकी आहेत, कारण हातोडी नीट उचलत नव्हती. मग ते गेले.

बाईंनी सगळीकडे कळवलं. बँकेत, कचेरीत, वीज कंपनीत, वाचनालयातसुद्धा. फक्त इंटरनेट कंपनीला सांगायचं त्या विसरल्या. पहिले दोन महिने विसरल्या. तिसऱ्या महिन्यापासून त्या विसरल्या नव्हत्या. दर महिन्याला लिफाफ्यावर यजमानांचं नाव यायचं, बाई तो लिफाफा दारातून आणायच्या, नावावरून अंगठा फिरवायच्या आणि मगच उघडायच्या. कुणाचं काय जात होतं? मला विचाराल तर काहीच नाही. पण कंपनीच्या कागदांवर एक माणूस नऊ वर्षं जिवंत राहिला, आणि त्याने पुढे घोळ झाला.

आता या घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल. बाईंचा मुलगा. वडील गेले तेव्हा तो कॉलेजात जायला लागला होता. आता घरांचे नकाशे काढतो, तेही घरी बसूनच. म्हणून आपण त्याला नकाशेवाला म्हणू. मुलगा गुणी आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्यावर बराच चिडणार आहे.

आमचं इंटरनेट म्हातारं झालं होतं, हे मला मान्य आहे. नकाशेवाल्याने एक नकाशा पाठवायला घेतला की तो चहा करून, पिऊन, कप धुऊन यायचा आणि नकाशा अजून निम्म्यातच असायचा. एकदा मुदतीच्या दिवशी जोडणी तीनदा तुटली आणि त्याचं हातचं काम दुसऱ्याला गेलं. त्याने शेजारी चौकशी केली, नवी कंपनी शोधली, आणि जेवताना आईला सांगितलं.

"आई, इंटरनेट बदलतोय. नवं दहापट वेगवान आहे."

"बदल की," बाई म्हणाल्या. "मला काय, माझं टपाल आल्याशी कारण."

"ते मी बघतो."

त्याने बघितलंही. त्याच्या परीने. माझ्यातली सगळी जुनी पत्रं, अठरा वर्षांची, त्याने एका फुकटच्या टपालपेटीत उतरवून घेतली. आईसाठी तिथे नवा पत्ता उघडला. वहीतल्या दोनशे बारा लोकांना कळवलं की, यापुढे या पत्त्यावर लिहा. बँकेत, विमा कंपनीत, सगळीकडे नवा पत्ता दिला. एवढं नीट काम मी फार कमी लोकांना करताना पाहिलं आहे. आणि मग त्याने जुन्या कंपनीला फोन लावला.

"मी ग्राहकांशीच बोलतेय ना?" पलीकडून एका बाईने विचारलं आणि त्याच्या वडिलांचं नाव घेतलं.

आता कोण सगळी कथा सांगत बसणार, असं नकाशेवाल्याला वाटलं असावं.

"हो, मीच बोलतोय," तो म्हणाला.

वडिलांची जन्मतारीख विचारली, ती त्याने सांगितली, आणि पाच मिनिटांत जोडणी बंद करायची नोंद झाली. बघा हं, बंद करायला नुसती जन्मतारीख पुरते. चालू ठेवायचं म्हटलं की सगळी वंशावळ लागते.

चार दिवसांनी नव्या कंपनीचा वायरवाला आला. त्याने भिंतीला भोक पाडलं, इंटरनेटचा नवा पांढरा डबा लावला आणि सहज विचारलं, "जुन्या कंपनीचं ई-मेल आहे का घरात? असेल तर जोडणी तोडायच्या आधी त्यांना सांगावं लागतं. फक्त टपालाचं खातं करून देतात ते. तोडल्यावर मग तीस दिवसांनी पत्ता पुसतात."

"सगळी पत्रं उचलून घेतलीयत मी," नकाशेवाला म्हणाला.

वायरवाल्याने खांदे उडवले. जुना काळा डबा नकाशेवाल्याने खणात टाकला आणि खण ढकलून बंद केला. मित्रांनो, त्या दिवशी मला राग आला तो या गोष्टीचा. पत्रं उचलली म्हणजे पत्ता उचलला का? आलेली पत्रं म्हणजे मी नव्हे. अजून न आलेली पत्रं म्हणजे मी!

जोडणी तुटल्यापासून अकराव्या दिवशी बाई नेहमीसारख्या माझ्यात डोकावल्या. नवा पत्ता होता, पण त्यांना सवय माझी. एकच पत्र होतं, कंपनीचं, यजमानांच्या नावाने. 'आपल्या इच्छेनुसार आपली जोडणी बंद करण्यात आली आहे. आपला ई-मेल पत्ता आणखी एकोणीस दिवसांनी कायमचा रद्द होईल.' खाली तारीख.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग हाक मारली.

"इकडे ये. हे वाच. आणि मला सांग, ही इच्छा कुणाची?"

नकाशेवाल्याने वाचलं. "अगं, ते छापील असतं."

"त्यांच्या नावाने लिहिलंय. 'आपल्या इच्छेनुसार.' त्यांची अशी इच्छा कधीच नव्हती."

"आई, तुझं काही जाणार नाहीये. पत्रं सगळी नव्या पेटीत आहेत. दोनशे बारा लोकांना कळवलंय मी."

"आणि मशीनना कोण कळवणार?"

खरं सांगतो, त्या क्षणी मी चिठ्ठीवरून उडी मारून बाईंच्या पाया पडलो असतो. पावणेआठशेच्या वर मशीन आहेत जगात, माझी पट्टी पोटात घेऊन. ती कुणाकडे आहेत, हे ना बाईंना माहीत, ना मला. त्यातलं प्रत्येक मशीन बंद दारावर जाऊन उभं राहणार होतं.

मुलगा चुकला, पण चूक कळल्यावर तो लपून बसला नाही. त्याने लगेच फोन लावला. पलीकडे या वेळी एक मुलगी होती, पण विचारणा तीच, ग्राहकच बोलताय ना? आणि त्याने पुन्हा तेच केलं. "हो, मीच."

"सर, बंद झालेल्या खात्यासाठी गुप्त प्रश्न विचारावा लागतो. तुमचं पहिलं वाहन कोणतं?"

"सायकल."

"चूक आहे, सर."

"स्कूटर?"

"चूक. अजून एकच संधी आहे, सर. नंतर खातं कुलूपबंद होईल."

त्याने फोनवर हात ठेवला. "आई, बाबांचं पहिलं वाहन कोणतं? पटकन सांग."

बाईंना उत्तर माहीत होतं. ते लिहिलं गेलं तेव्हा त्या टेबलाशी बसलेल्या होत्या. एक शब्द सांगितला असता तर काम तिथल्या तिथे फत्ते झालं असतं. मीही मनात म्हणत होतो, सांगा, बाई, सांगून टाका! बाईंनी हात पुढे केला.

"फोन इकडे दे."

फोन कानाला लावून त्या म्हणाल्या, "हे बघा, तुमच्याशी बोलत होता तो माझा मुलगा. ग्राहक बोलू शकत नाहीत. ते नऊ वर्षांपूर्वी गेले."

मग ती फोनवरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मग खातं आधी तुमच्या नावावर करावं लागेल. पण बंद जोडणीचं नाव बदलता येत नाही."

"मग चालू करा."

"चालू करायला ग्राहकांची संमती लागते."

"म्हणजे गेलेल्या माणसाच्या संमतीने बंद होतं. चालू मात्र होत नाही."

"मॅडम, नियम..."

"नियम तुम्ही सांभाळा. मी पत्ता सांभाळते. काय काय कागद लागतील ते सांगा."

मुलगी भली होती. तिने सांगितलं: अर्ज, बाईंचं ओळखपत्र, आणि मृत्यूचा दाखला. मी वरच्यांना विचारते, पण तारखेच्या आत पाठवा, असंही म्हणाली. फोन ठेवल्यावर नकाशेवाल्याने विचारलं,

"तुला उत्तर माहीत नव्हतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस? आत्ता सगळं मिटलं असतं."

"नऊ वर्षं मी त्यांचं नाव जपलं," बाई म्हणाल्या. "तोंड कुणाला वापरू दिलं नव्हतं. तू दोनदा वापरलंस. आता बास."

नकाशेवाल्याची मान खाली गेली.

दाखला कुठे होता ठाऊक आहे? बिस्किटांच्या डब्यात, अगदी तळाशी. बाईंनी तो त्या वर्षीच तिथे ठेवला होता आणि वर पट्ट्यांचं ओझं. डबा जड होता. दोघांनी मिळून तो टेबलावर आणला आणि पालथा केला. केवढा आवाज झाला! टेबलभर पितळ पसरलं. बाई दाखला उचलून खिडकीपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. नकाशेवाल्याने पट्ट्या गोळा करायला घेतल्या आणि मध्येच तो थांबला. एक उचलून त्याने वाचली. मग दुसरी. मग मोजायलाच बसला. तीनशे सतरा. सगळ्यांवर मीच, एकेक अक्षर हातोडीने ठोकलेला. तिरक्या अक्षरांची पट्टी हातात आली तेव्हा त्याने ती बराच वेळ खाली ठेवली नाही.

"आई," तो म्हणाला, "अर्ज मी टाइप करू?"

"टाइप कर. पण पाठवायचा याच पत्त्यावरून."

आणि मित्रांनो, माझ्यासाठीची लढाई माझ्यावरूनच लढली गेली. अर्ज गेला, कागद गेले, टेबलावरच्या पट्ट्यांचा फोटो गेला. सतराव्या दिवशी उत्तर आलं: 'आपली विनंती नियमांत बसत नाही.' बाईंनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, शब्दसुद्धा तेच. बाईंनी तिसऱ्यांदा लिहिलं. नकाशेवाला म्हणाला, समोर माणूस नाही, यंत्र उत्तर देतंय. बाई म्हणाल्या, "यंत्राला कसं वठणीवर आणायचं ते मला शिकवू नकोस." चौथं पत्र गेलं. मी एकेक पत्र पोहोचवत होतो आणि मनात म्हणत होतो, करा रद्द, मीही बघतो. आत मात्र भीती होती. ती नव्हती असं सांगितलं तर खोटं होईल. सहाच दिवस उरले होते.

चोविसाव्या दिवशी एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. तो शाळेची दप्तरं शिवतो. बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात त्याने एक जुनं मशीन घेतलं होतं. जाड कापडाच्या चार पदरांवर आलं की सुई तुटत होती. दोन मेकॅनिक हात टेकून गेले. शेवटी त्याने मशीन कलंडवलं, तर आत पितळी पट्टी. 'आपण कोण, मला माहीत नाही. हे पत्र पोहोचेल का, तेही माहीत नाही. शाळा उघडायला आठ दिवस आहेत.'

बाईंनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं: 'सुई बारीक आहे, दोन नंबर जाड घ्या. दाब देणारा वरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा. धागा मागच्या कडीतून घेतला नाहीये, तो घ्या.' दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर: 'चाललं.'

मग बाईंनी कंपनीला पाचवं पत्र लिहिलं. त्यात विनंती नव्हती. त्यांनी लिहिलं, 'काल मला एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. माझा पत्ता त्याला मशीनच्या पोटात सापडला. हेच पत्र आठवड्याने आलं असतं तर ते तुम्ही कुणाला दिलं असतं? अशी पावणेआठशे मशीन आहेत. त्यांची यादी माझ्याकडे नाही. ती तुमच्याकडे असेल तर पत्ता खुशाल रद्द करा.'

अठ्ठाविसाव्या दिवशी फोन वाजला. तीच मुलगी. पाचवं पत्र तिने छापून स्वतः वरच्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं. आता कंपनी एका दिवसापुरती जुनी जोडणी चालू करणार होती, त्या दिवसात खातं बाईंच्या नावावर होणार होतं, मग त्याचं फक्त टपालाचं खातं करून जोडणी परत बंद. "पण मॅडम, जुना डबा घरी आहे ना? तो लावावा लागेल."

नकाशेवाल्याने खण उपसला. काळा डबा धूळ पुसून नव्या पांढऱ्या डब्याशेजारी लावला. पहिला दिवा लाल, मग पिवळा, मग हिरवा. दुपारपर्यंत दोन्ही डबे शेजारी शेजारी लुकलुकत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या काळ्या डब्याबद्दल माया वाटली. एकोणतिसाव्या दिवशी, मुदतीला एक दिवस उरला असताना, माझी कागदोपत्री मालकीण बदलली. नवा गुप्त प्रश्न निवडायला सांगितलं तेव्हा बाईंनी जुनाच ठेवला. पहिलं वाहन कोणतं? उत्तर मात्र स्वतःचं लिहिलं. तेही मी सांगणार नाही.

पुढच्या महिन्यात टपाल-खात्याचा कागद आला, लिफाफ्यावर बाईंचं नाव. त्या तो हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. अंगठा नावावरून फिरला, पण ते नाव ते नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं, आणि त्याची मला लाज नाही. मला वाचवायला त्यांनी जे दिलं ते मला माहीत आहे. यजमानांच्या नावाचा शेवटचा लिफाफा त्यांनी घडी करून बिस्किटांच्या डब्यात, तळाशी ठेवला. वर पट्ट्या रचल्या. मग म्हणाल्या, "चल, ते काल जोडून झालेलं मशीन घे इकडे." नकाशेवाल्याने मशीन कलंडवून धरलं आणि बाईंनी एका पट्टीचे स्क्रू पिळले. डब्यात उरल्या तीनशे सोळा.

तर मित्रांनो, इंटरनेट बदलायचं तर जरूर बदला. वेग कुणाला नको? पण फोन उचलण्याआधी घरातल्यांना एकदा विचारा, हा पत्ता कुठे कुठे लिहिलेला आहे? कागदावर, पाटीवर, कुणाच्या वहीत, कुणाच्या मनात? आधी जुन्याची सोय लावा, मग वायर तोडा. पेटीतली पत्रं हलवणं सोपं असतं. ज्या माणसाने अजून लिहिलेलंच नाही, त्याला कळवायला तुम्ही कुठे जाणार? आणि गेलेल्या माणसाच्या वतीने 'हो, मीच' असं कधी म्हणू नका.

आणि तुमच्या आसपास एखादं जुनं शिलाई मशीन असेल तर ते अलगद मागे कलंडवून पाहा. पितळ काळवंडलं असेल. बोटाने पुसा. माझं आडनाव अजून कंपनीचंच आहे, असू दे. मी इथेच आहे. लिहून बघा.